मस्टँगचा मूळचा रेडिएटर: तीन बदलले, गाडी तापतच राहिली

दोन वर्षांत मी एकाच गाडीत तीन रेडिएटर घातले. तिन्ही विकणाऱ्यांचं म्हणणं एकच होतं: १९६९ ची फोर्ड मस्टँग ना, ३०२ इंजिन ना, मग डोळे झाकून घ्या. मी घेतले. तिन्ही जागेवर बसले. आणि तिन्ही वेळा न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर साठ-पासष्ट मैलांचा वेग धरून दहा-पंधरा मिनिटं झाली की तापमानाचा काटा चढायला लागायचा. गावात रमतगमत चालवली तर सहसा तक्रार नाही. पळवली की ताप.

माझ्या ओळखीत जुन्या अमेरिकन गाड्या पाळणारी चार-पाच मराठी घरं आहेत. (‘पाळणारी’ हाच शब्द बरोबर. खाणंपिणं आणि दवाखाना बारा महिने चालूच असतो.) दर उन्हाळ्यात त्यातलं कुणीतरी फोन करून विचारतं की हिचा मूळचा रेडिएटर नेमका कोणता, आणि नवा घालूनही ती का तापते. हे दोन प्रश्न आहेत, पण विचारणारा एकच समजून विचारतो. मीही तसाच समजलो होतो, म्हणून तर तीन घेतले.

गाडी अशी आहे: उतरत्या छपराची मस्टँग, जिला त्या वर्षी फोर्डने स्पोर्ट्सरूफ म्हटलं. ३०२ क्युबिक इंचांचं व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एसी नाही. चासी नंबर ‘९टी०२एफ’ असा सुरू होतो. (प्लेटवर अर्थातच रोमन अक्षरं असतात.) नऊ म्हणजे १९६९ चं मॉडेल, ‘०२’ म्हणजे हे छप्पर, ‘एफ’ म्हणजे दोन बॅरलचं ३०२. आणि ‘टी’ म्हणजे मटचन कारखाना. ‘एफ’ असता तर डिअरबॉर्न, ‘आर’ असता तर सॅन होजे. मटचनचा हा कारखाना खरं तर आमच्या एडिसनमध्येच, रूट वनवर होता. १९४८ ला सुरू झाला, २००४ ला बंद पडला, आता तिथे दुकानं आहेत. ओक ट्री रोडवर भाजी आणायला जाताना ही गाडी आपल्या माहेरच्या गल्लीतून जाते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आधी रेडिएटरला सोडा

ताप आला की पहिला संशय रेडिएटरवर जातो, कारण तो समोर दिसतो. पण आधी गाडी खरंच तापते आहे का, हे बघा. या काळातल्या फोर्डमध्ये डॅशबोर्डच्या मागे एक लहानसा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. तो बॅटरीचे बारा व्होल्ट तोडून-जोडून सरासरी पाच व्होल्टांवर आणतो आणि त्यावर पेट्रोलचा नि तापमानाचा काटा चालतो. तो बिघडून बारा व्होल्ट तसेच सोडायला लागला की दोन्ही काटे एकदम वर जातात. म्हणजे टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा ‘भरलेली’ दाखवत असेल, तर तापमानाच्या काट्यावरही विश्वास ठेवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) घरावर धरा. १८० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट असेल तर तिथे १८० ते २०० दिसणं ही निरोगी गाडी. माझा आकडा पार्कवेवरून उतरल्या उतरल्या २२५ च्या वर असायचा. काटा खरं बोलत होता.

दुसरी गोष्ट, ती कधी तापते ते लिहून ठेवा. मी हे सहा महिने केलं नाही आणि त्याचीच शिक्षा भोगली. उभ्या गाडीत किंवा वाहतुकीत तापते आणि वेग धरला की थंड होते, तर हवा कमी पडते आहे: पंखा, पंख्याचा क्लच, श्राउड (पंख्याभोवतीचं हवा वळवणारं कडं), नाहीतर ठिणगीचं मागे पडलेलं टायमिंग. उलट गावात बरी आणि वेगात तापते, तर पाणी कमी फिरतं आहे: आत चोंदलेल्या नळ्या, लहान पडणारा कोअर (रेडिएटरचा नळ्या-पाकळ्यांचा मधला भाग), किंवा खालचा होज, म्हणजे रेडिएटरमधून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी. दोन्हीकडे तापते आणि पाणीही कमी होत राहतं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर धरायची निळ्या रसायनाची नळी मिळते. पाण्यात जळालेला वायू येत असेल तर निळं पिवळं होतं. माझं निळंच राहिलं.

रेडिएटरची टोपी बदलून बघणं सगळ्यात स्वस्त. दाबाच्या प्रत्येक पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे तीन अंश फॅरनहाइटने वर जातो, त्यामुळे स्प्रिंग मेलेली टोपी म्हणजे तेवढे अंश हातचे गेले.

रेडिएटर आतून चोंदला आहे का, हेही त्याच थर्मामीटरने कळतं. गरम इंजिन बंद करा आणि कोअरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. मध्येच एखादा पट्टा वीस-तीस अंशांनी थंड लागला, तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. गाडी घेतली तेव्हा तिच्यात असलेल्या रेडिएटरचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा थंड होता. आधीच्या मालकाने गळती थांबवायची पावडर बाटल्या भरभरून ओतली होती. आमच्या गावाकडे लोक गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती. गळती थांबते हे खरं; पाणीही थांबतं.

तो रेडिएटर नव्याच्या बदल्यात जमा करून टाकला, आणि तिथेच पहिली चूक झाली. त्यावर काय ठसे होते ते बघितलंही नाही. तो जर मूळचा असेल, तर मी माझ्या हाताने तो तांब्या-पितळेच्या भावात दिला. रेडिएटरची टाकी, म्हणजे कोअरच्या वर आणि खाली असलेली पितळी पेटी, कधीही देऊ नका. कोअर खराब होतो, तो बदलता येतो; पितळेच्या टाकीवरचा ठसा परत मिळत नाही.

माझे तीन रेडिएटर

पहिला नवाकोरा, नळ्यांच्या दोन ओळींचा, कॅटलॉगमधून मागवलेला. त्याच्यात काही दोष नव्हता, हे आज कळतं. गाडी तापली म्हणून मी तो काढला, दोष त्याचा नसताना.

दुसरा ‘मूळचा’ म्हणून घेतलेला जुना. तो मॅन्युअल गिअरच्या गाडीचा निघाला. ऑटोमॅटिकच्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या खालच्या टाकीत असते, आणि तिच्यासाठी टाकीला दोन जोडण्या असतात. याला त्या नव्हत्याच. मग बाहेरून वेगळा कूलर लावा, त्याच्या नळ्या ओढा. जुन्या गाडीच्या नाकासमोर तो नवा कूलर म्हणजे पैठणीवर स्वेटर.

तिसरा चार ओळींचा जाडजूड. जाड म्हणजे जास्त थंड, हा आपला सगळ्यांचा बाळबोध हिशेब. पण कोअर जाड झाला की त्यातून हवा आरपार जायला जड जाते, आणि तो पंख्याच्या दिशेने पुढे येतो. माझ्या पंख्याचं पातं आणि कोअर यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरली. गावात हळू चालवतानाही आता तापायला लागली. म्हणजे तिसऱ्या रेडिएटरने जुना ताप तसाच ठेवला आणि एक नवा दिला.

मूळचा कसा ओळखायचा

आधी गाडीची कागदपत्रं. चालकाच्या दारावरच्या प्लेटवर दिवस आणि महिन्याचं अक्षर असतं: ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, अशा क्रमाने, ‘आय’ गाळून, ‘एम’ म्हणजे डिसेंबर. गिअरबॉक्सचंही अक्षर असतं. सी-४ साठी ‘डब्ल्यू’. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. पैसे भरून अहवाल मागवला की गाडी कारखान्यातून कोणत्या साजाने निघाली ते कळतं. त्यातली एसीची ओळ महत्त्वाची, कारण एसी असेल तर रेडिएटरची निवड बदलू शकते.

मग टेप घ्या. १९६७ ते १९७० च्या मस्टँगमध्ये मुख्यतः दोन रुंदीचे रेडिएटर दिसतात: वीस इंची आणि चोवीस इंची. हे माप फक्त कोअरचं, म्हणजे पाकळ्या असलेल्या भागाचं. बाजूच्या पट्ट्या नि कान धरून मोजलं तर वीस इंचीही बराच रुंद भरतो, आणि विकणारे बरेचदा असंच मोजतात. रेडिएटर ज्या चौकटीला बोल्टने धरतो तिचं भोकही या दोन रुंदींना वेगवेगळं असतं. माझ्या चौकटीचं भोक वीस इंचीचं आहे, कापाकापीच्या खुणा नाहीत, म्हणून प्रश्न मिटला. तुमच्या चौकटीला कुणी कटरने मोठं केलं असेल, तर कडा बघून लगेच कळेल. कारखाना असे दात पाडत नाही.

नंबराची भानगड इथून सुरू होते, आणि जवळजवळ प्रत्येकजण इथेच अडकतो. फोर्डच्या भागांना दोन प्रकारचे नंबर असतात. एक इंजिनिअरिंगचा, जो वस्तूवर ठोकलेला किंवा ओतलेला असतो. दुसरा सर्व्हिसचा, जो कॅटलॉगमध्ये आणि खोक्यावर छापलेला असतो. रेडिएटरचा मूळ आकडा दोन्हींत ८००५ च असतो. फरक त्याच्या आधीच्या चार अक्षरांत. ‘सी९झेडई’ घ्या. सी म्हणजे साठचं दशक, नऊ म्हणजे १९६९, झेड म्हणजे मस्टँग, आणि ई म्हणजे इंजिन विभागाने आखलेला भाग. कॅटलॉगमध्ये तोच भाग ‘सी९झेडझेड’ असा दिसतो, कारण तिथे चौथं अक्षर गाडीच्या ब्रँडचं असतं. म्हणून कॅटलॉगमधला नंबर घेऊन बाजारात फिरलात, तर तो कुठल्याच टाकीवर सापडत नाही, आणि सापडलेला ठसा कॅटलॉगमध्ये मिळत नाही. त्यात ठशावर कधी पूर्ण नंबर असतो, कधी मधले ८००५ गाळलेले असतात.

शिवाय सर्व्हिसचा एक नंबर पुढे अनेक इंजिनिअरिंग नंबरांची जागा घेतो. दुकानदाराला वीस भाग ठेवण्यापेक्षा पाच ठेवणं सोयीचं. त्यामुळे ‘फोर्डचाच, खोक्यातला, न वापरलेला’ रेडिएटरही तुमच्या गाडीत कारखान्याने घातलेला तोच असेल असं नाही. बदली भाग म्हणून योग्य, मूळचा म्हणून नाही. प्रदर्शनातले परीक्षक हा फरक करतात. रस्त्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

वर्षाचा आकडा वाचताना एक साधा नियम: आधीच्या वर्षाचा भाग पुढच्या वर्षी तसाच वापरला गेला तर त्याचा नंबर बदलत नाही. म्हणून ६९ च्या गाडीत ‘सी८’ दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. पण ‘डी’ने सुरू होणारा, म्हणजे सत्तरच्या दशकातला नंबर मात्र ६९ च्या गाडीत सहसा जन्मापासूनचा नसतो. तारखेचा ठसा वाचता आला तर तोही गाडी बनण्याच्या थोडा आधीचा, काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांचा हवा. रेडिएटर गाडीच्या नंतर बनला असेल तर तो कुणीतरी नंतर बसवला, एवढंच.

ठसा वरच्या टाकीच्या पितळेवर असतो आणि त्याच्यावर पन्नास वर्षांचे काळ्या रंगाचे थर. वायरब्रश लावू नका. पितळ मऊ असतं, अक्षरांच्या कडा झिजतात. थिनरचा बोळा फिरवा, मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. लहानपणी नाण्यांवर करायचो तसं. डोळ्यांना न दिसणारा अर्धा आकडाही कागदावर उमटतो.

फोटोतली उजवी-डावी

खालचा होज जिला लागतो त्या तोटीची बाजू विचारून घेणं हा माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. फोर्डच्या या लहान व्ही-८ कुटुंबात १९६९ पर्यंत पाण्याच्या पंपाचं तोंड प्रवाशाच्या बाजूला होतं. १९७० पासून ते चालकाच्या बाजूला गेलं. रेडिएटरची खालची तोटीही त्याच बाजूला गेली. बाकी सगळं सारखं दिसत असल्यामुळे ‘६९-७० मस्टँग’ अशी एकच चिठ्ठी लावलेले रेडिएटर सर्रास विकायला असतात.

आता विकणाऱ्याने फोटो समोरून काढला की इंजिनच्या बाजूने, यावर उजवी-डावी उलटते. जमिनीवर पालथा ठेवून काढला तर आणखी गोंधळ. मी याची चर्चा कोल्हापूरच्या मावसभावाशी फोनवर करत होतो, तो गॅरेजवाला. मी दहा मिनिटं ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणत होतो आणि तो उजवी धरून बोलत होता, कारण त्याचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो. शेवटी तोच म्हणाला, “दादा, बॅटरी कुठल्या बाजूला आहे ते सांग, म्हणजे भांडण मिटेल.” तेव्हापासून मी विकणाऱ्याला असंच सांगतो: रेडिएटर उभा ठेव, तोंड वर, पंख्याच्या बाजूने फोटो काढ, आणि खालच्या तोटीवर हात ठेव. सोबत आणखी तीन फोटो मागतो: ठशाचा, खालच्या टाकीतल्या तेलाच्या जोडण्यांचा, आणि कोअरवर आडव्या धरलेल्या टेपचा. हे चार फोटो द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेत नाही.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आता मूळ दुखण्याकडे. तिसरा रेडिएटर घालून झाल्यावर एका रविवारी मी लेकीला आत बसवलं, हुड उघडला आणि तिला हळूहळू रेस वाढवायला सांगितलं. मी पंख्याकडे बघत होतो. इंजिन साधारण अडीच हजार फेऱ्यांवर गेलं आणि खालचा होज आत ओढला गेला, बर्फाचा गोळा चोखताना गाल आत जातात तसा. तिने पाय काढला, होज पुन्हा फुगला. पुन्हा दाबला, पुन्हा चपटा.

खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. वेग वाढला की ओढ वाढते, आणि होज नरम असेल, लांब असेल किंवा आत स्प्रिंग नसेल तर तो मिटतो. रेडिएटर कितीही भारी असो, त्याचं पाणी इंजिनपर्यंत पोचतच नाही. हळू चालवताना ओढ कमी, म्हणून गावात तक्रार नाही. सगळं लक्षण समोर होतं.

आणि माझा होज लांब का होता? कारण तो प्रवाशाच्या बाजूच्या तोटीतून निघून, क्रँकच्या पुलीखालून वळसा घालून, चालकाच्या बाजूच्या पंपाला जोडलेला होता. कोपऱ्या-कोपऱ्यात वाकणारा घड्यांचा होज, मध्ये लोखंडी नळीचा तुकडा, चार क्लॅम्प. गाडी घेतली तेव्हापासून तसाच होता, म्हणून मी धरून चाललो की फोर्डनेच तसा दिला असणार. तिन्ही वेळा रेडिएटर बदलला आणि तिन्ही वेळा तोच होज इमानेइतबारे परत लावला.

पण ६९ च्या गाडीत चालकाच्या बाजूचं तोंड असलेला पंप कसा? गाडी उचलून स्टार्टरच्या वर, प्रवाशाच्या बाजूला ब्लॉकवर ओतलेला नंबर घासून काढला. ब्लॉकचा मूळ आकडा ६०१५, आणि त्याच्या आधी ‘डी४’. सत्तरचं दशक, चौथं वर्ष. प्लेट सांगते १९६९, इंजिन सांगतं १९७४ किंवा नंतरचं. मधल्या कुठल्यातरी मालकाने इंजिन बदललं, आणि रेडिएटर बदलायचा कंटाळा केला.

म्हणजे मी ज्या ‘मूळच्या’ रेडिएटरच्या मागे होतो तो गाडीला मूळचा होता, इंजिनाला नव्हता. चासी नंबर गाडी काय होती ते सांगतो. आज हुडखाली काय आहे ते पंप आणि ब्लॉक सांगतात. रेडिएटर मागवण्याआधी दोन्ही वाचा. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त हात काळे होतात.

मग काय केलं

इथे दोन वाटा होत्या. सोपी म्हणजे १९७० च्या पद्धतीचा, चालकाच्या बाजूला तोटी असलेला वीस इंची रेडिएटर घ्यायचा, सरळ लहान होज लावायचा, आणि विसरून जायचं. तुम्हाला गाडी फक्त चालवायची असेल तर हेच करा. हवं तर अॅल्युमिनियमचा घ्या, थंड ठेवण्यात तो कमी पडत नाही. कुणी नाक मुरडलं तर हुड बंद करा.

मी दुसरी निवडली: इंजिनाचं तोंड १९६९ सारखं करायचं. त्यासाठी नुसता पंप नव्हे, पुढचं कव्हर, पंप, बॅलन्सर (क्रँकच्या टोकावरचं तोल सांभाळणारं चाक), टायमिंगचा काटा आणि पुल्या असा जुळता संच एकाच जुन्या इंजिनाचा घेतला. सुटे सुटे भाग गोळा केले की पुल्या एका रेषेत येत नाहीत आणि टायमिंगच्या खुणा खोटं बोलतात. ब्लॉक सत्तरच्या दशकातला असल्यामुळे हे जमलं. ऐंशीच्या दशकातल्या ३०२ च्या बॅलन्सरमधला मुद्दाम ठेवलेला असमतोल २८ ऐवजी ५० औंस-इंचांचा झाला, तिथे असा संच डोळे झाकून चढवू नका. इंजिन थरथरून सांगेल.

रेडिएटर जून महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला, फोर्ड गाड्यांच्या जत्रेत मिळाला. खरोखर जत्राच, फक्त पाळण्यांऐवजी बंपर. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या ताडपत्रीवर तो पडला होता. कोअर पार गेलेला, पाकळ्या बोट लावलं की गळत होत्या. पण तोटी प्रवाशाच्या बाजूला, खालच्या टाकीत तेलाच्या दोन्ही जोडण्या, कोअर टेपने वीस इंच. पेन्सिलीने ठसा उमटवला आणि कधीच न उघडलेली ६९ ची ३०२ गाडी असलेल्या एका ओळखीच्या माणसाला फोटो पाठवला. त्याच्या गाडीवरच्या ठशाशी अक्षरं जुळली. कोअर मेलेला असल्याने भावही मेलेला. चांगल्या कोअरचा रेडिएटर शोधण्यात लोक वर्षं घालवतात. माझा सल्ला उलटा आहे: चांगल्या टाक्यांचा, मेलेल्या कोअरचा शोधा. तो स्वस्त मिळतो, आणि कोअर तसाही बदलावाच लागतो.

नवा कोअर बसवणारी दुकानं आता विरळ झाली आहेत, कारण नव्या गाड्यांत प्लास्टिकच्या टाक्या आणि अॅल्युमिनियमचा कोअर. ते दुरुस्त करत नाहीत, फेकतात. मला तासाभरावर एक जुना कारागीर मिळाला. तो टाक्यांचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, वितळवून त्या सोडवतो, पोचे काढतो, तांब्या-पितळेचा नवा कोअर मधे बसवून पुन्हा डाग देतो. एसटी स्टँडमागे आमच्या गावी असंच एक दुकान होतं. तोच अॅसिडचा वास, तीच पाण्याची टाकी. त्याला तीन गोष्टी बजावल्या: टाक्या, कान आणि बाजूच्या पट्ट्या माझ्याच परत हव्यात, ठशावर हातोडी नको, आणि दाब देऊन पाण्यात बुडवून तपासल्यावरच रंग. रंगही काळा आणि पातळ. जाड रंगाचं पांघरूण घातलं की रेडिएटरला उकडतं.

होज १९६९ च्या ३०२ साठीचा, साच्यात वळवलेला मागवला. नव्या होजमध्ये स्प्रिंग बरेचदा येत नाही; जुन्या एका होजमधली स्टीलची स्प्रिंग घासूनपुसून आत सरकवली. लेकीला परत आत बसवलं, तीन हजार फेऱ्यांपर्यंत रेस दिली. होज जागचा हलला नाही.

पार्कवेवर आता थर्मोस्टॅटच्या घरावर १९० च्या आसपास मिळतात, नव्वद अंशांच्या जुलैतही. ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी, पुढे-मागे गाड्या चिकटलेल्या असताना, अजून २०५-२१० पर्यंत जाते. ते मात्र हवेचं दुखणं आहे: गाडीला श्राउड नाही, कधी गेला कुणास ठाऊक. वीस इंची कोअरचा श्राउड शोधतो आहे, पंख्याची पाती ज्याच्यात निम्मी आत आणि निम्मी बाहेर राहतील असा. एक मिळाला होता, फोटोत अगदी हुबेहूब. टेप धरून फोटो मागितला, तर चोवीस इंची निघाला.